पार्टिशन सरकवताना लाईट गेली, आता फोटो कुठे गेले?

वळीव सुरू झाला की या सदराच्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी "कोणता लॅपटॉप घेऊ" विचारणारे लोक एकदम "ड्राइव्ह उघडत नाही हो" वर येतात. या वेळची पत्रं जवळजवळ एकाच दुखण्याची आहेत, डिस्कचं पार्टिशन (म्हणजे ई, एफ असा तिचा एखादा कप्पा) लहान-मोठं करताना काम अर्धवट राहिलं आणि आता डेटा धड दिसत नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा देतोय कारण त्यात समजून घेण्यासारखं जास्त आहे.

प्रश्न: सर नमस्कार. आमचा कराडला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो-व्हिडिओ सगळे १ टीबीच्या एका हार्डडिस्कवर असतात. त्यात ई ड्राइव्ह २०० जीबीचा, रिकामाच होता, आणि त्याच्या पुढे एफ ७०० जीबीचा, गच्च भरलेला. भाचा म्हणाला मामी ई डिलीट करू आणि ती जागा एफला जोडू. त्याने जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रामचा पेनड्राइव्ह लावून रात्री काम सुरू केलं, झोपायच्या आधी बघितलं तर बरंच पुढे गेलं होतं. पहाटे वादळ आलं आणि लाईट गेली. आता विंडोजमध्ये एफ दिसतो, फोल्डर दिसतात, नावंपण बरोबर, जुन्या लग्नांचे फोटो उघडतात पण अलीकडचे उघडतच नाहीत. विंडोज म्हणतंय ड्राइव्हमध्ये एरर आहे, स्कॅन करून दुरुस्त करा. करू का? भाचा तर चार दिवस जेवत नाहीये.

उत्तर: नका करू ताई. स्कॅन नाही, फॉरमॅट तर नाहीच नाही. आधी कॉम्प्युटर बंद करा, ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा. आणि भाच्याला जेवायला सांगा, कारण तुमचे फोटो बहुतेक सगळे डिस्कवर आहेत, फक्त विंडोज ते चुकीच्या ठिकाणी शोधतंय. लाईट गेल्याने जेवढं बिघडतं त्यापेक्षा जास्त नंतर घाबरून आपण जी बटणं दाबतो त्याने बिघडतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुम्ही अजून ते बटण दाबलेलं नाही हे फार चांगलं झालं.

झालं काय ते बघू. पार्टिशन उजवीकडे, म्हणजे शेवटाकडे वाढवायचं असलं तर काम थोड्या वेळात होतं, फाइलसिस्टिमच्या (ड्राइव्हवर फाइली मांडायच्या व्यवस्थेच्या) नोंदींमध्ये "आता जागा एवढी" असं लिहिलं की संपलं, फाइली जागच्या हलत नाहीत. पण तुमची रिकामी जागा एफच्या आधी होती, आणि फाइलसिस्टिमची सुरुवात ही पार्टिशनच्या सुरुवातीलाच लागते, म्हणून जीपार्टेडला सगळाच्या सगळा ७०० जीबी माल २०० जीबी डावीकडे आणून ठेवावा लागतो, रिकामी जागासुद्धा त्यात आली. म्हणून तर रात्र लागते.

आता आकडे घेऊ. नवी सुरुवात ० वर धरा आणि जुनी सुरुवात २०० वर. कॉपी डावीकडून सुरू होते, आधी पहिला जीबी, मग दुसरा, असं करत. समजा लाईट गेली तेव्हा ४२० जीबी कॉपी झालं होतं. म्हणजे डेटाचा ० ते ४२० हा भाग नव्या जागी बसलाय, डिस्कवर ० ते ४२० मध्ये. उरलेला ४२० ते ७०० हा भाग अजून जुन्याच जागी आहे, म्हणजे डिस्कवर ६२० ते ९०० मध्ये. मग डिस्कवर ४२० ते ६२० या पट्ट्यात काय आहे? तिथे डेटाच्या २२० ते ४२० या भागाची जुनी प्रत अजून तशीच पडून आहे, कारण तिच्यावर लिहायची वेळच आली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

विंडोजला नावं का दिसतात? तर एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टिममध्ये, फाइलींची नावं, तारखा आणि कुठली फाइल कुठे आहे त्याचे पत्ते मास्टर फाइल टेबलमध्ये असतात, आणि विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या ड्राइव्हवर हे टेबल सहसा सुरुवातीपासून ३ जीबीवर सुरू होतं. तो भाग केव्हाच नव्या जागी पोचला, म्हणून फोल्डर व्यवस्थित दिसतात. ज्या फाइली पहिल्या ४२० जीबीत होत्या त्या उघडतात. त्यापुढची फाइल उघडायला गेलं की विंडोज जिथे जातं तिथे दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलीचा मधला तुकडा असतो, त्याला तो फोटो वाटतच नाही आणि तो "फॉरमॅट सपोर्टेड नाही" म्हणतो. फोटो खराब झालेला नसतो, तो २०० जीबी पुढे बसलेला असतो.

यावरून लक्षात येईल की स्कॅन का नको. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं ते स्कॅन, फोटो वाचवायला नसतंच, फाइलसिस्टिमच्या नोंदी आपापसात जुळतात का एवढंच ते बघतं आणि न जुळणारी नोंद कापून टाकतं. इथे मधल्या भागातल्या नोंदी त्याला कचरा वाटणार. दुसरं म्हणजे नुसता विंडोजला डिस्क लावून ठेवण्यातही धोका आहे, विंडोज काही ना काही लिहीतच असतं, आणि त्याच्या हिशेबाने जी जागा रिकामी आहे, समजा ६५० जीबीवरची, तिथे प्रत्यक्षात तुमच्या डेटाच्या ४५० व्या जीबीची एकुलती एक प्रत बसलेली असते. त्याने तिथे चार एमबी लिहिलं की ते चार एमबी कायमचे गेले.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, तेवढीच किंवा मोठी नवी डिस्क विकत आणा आणि लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, जुनी डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातले ड्राइव्ह न उघडता), डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढा. नुसत्या एफची नाही, पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा, नंबर असलेला तुकडा) शेवटच्यापर्यंत सगळी. यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवर.

मग दोन्ही सुरुवाती नक्की कुठल्या सेक्टरवर आहेत ते काढायचं. आठवणीवर जाऊ नका, एनटीएफएस स्वतःच सांगतं. त्याचा बूट सेक्टर सुरुवातीला असतो आणि त्याचीच एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरला. तुमच्या बाबतीत पुढचा बूट सेक्टर नव्या जागी आलाय आणि शेवटची प्रत जुन्या जागीच आहे. बूट सेक्टरमध्ये एकूण सेक्टर किती ते लिहिलेलं असतं. शेवटच्या प्रतीच्या सेक्टर नंबरातून तो आकडा वजा केला की जुनी सुरुवात मिळाली. टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम हे दोन्ही शोधून देतो. दोन सुरुवातींमधला फरक म्हणजे किती सरकवलं तो आकडा.

तिसरं, कॉपी कुठे थांबली? इथे मघाची ती जुनी प्रत कामाला येते. डिस्कवर एखादी जागा घ्या आणि तिथून बरोबर २०० जीबी पुढची जागा घ्या, दोन्हीकडचे बाइट सारखे आहेत का बघा. वरच्या उदाहरणात २२० ते ४२० पर्यंत ते सारखे निघतील, आधी नाही आणि नंतरही नाही. दर ५-१० जीबीला एकेक नमुना तपासला तरी पट्टा सापडतो, फक्त जिथे नुसती शून्यं आहेत ते नमुने धरू नका, शून्य शून्यासारखं असणारच. आणि यातली खरी मजा अशी की नेमकी कुठे थांबली ते शोधायची गरजच नाही, कारण त्या २०० जीबीच्या पट्ट्यातला डेटा दोन्हीकडे आहे, त्यामुळे सांधा पट्ट्यात कुठेही घेतला तरी चालतो. मी मधोमध घेईन, ३२० वर, म्हणजे लाईट जाताना शेवटचे काही एमबी डिस्कच्या कॅशमध्येच राहिले असले तरी फरक पडत नाही. फक्त १०० एमबी सरकवलं असतं तर हाच पट्टा १०० एमबीचा असता आणि मग घाम फुटला असता.

शेवटचं, जोडणं. लिनक्समध्ये डीएमसेटअप नावाची कमांड आहे, ती डिस्कचे दोन तुकडे एकापुढे एक ठेवून एक खोटी डिस्क तयार करते, काही कॉपी न करता. पहिला तुकडा नव्या सुरुवातीपासून ३२० जीबी, म्हणजे ५१२ बाइटच्या हिशेबाने ६७१०८८६४० सेक्टर. दुसरा तुकडा जुन्या सुरुवातीत तेवढेच सेक्टर मिळवून तिथून पुढे ३८० जीबी, म्हणजे ७९६९१७७६० सेक्टर. तुमच्या बूट सेक्टरमधला खरा आकडा थोडा वेगळा असेल, तो घ्या. ही खोटी डिस्क रीड-ओन्ली माउंट करा आणि अलीकडच्या लग्नातला एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघा. चालला तर सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

हे सगळं घरी जमणार नाही असं वाटत असेल तर माहीतगार माणसाकडे द्या, पण देताना "डिस्क खराब झाली" असं सांगू नका, "पार्टिशन डावीकडे सरकवताना मध्येच थांबलं, २०० जीबीचा फरक आहे" असं सांगा आणि हा अंक सोबत द्या. नाहीतर बरेच जण सरळ फोटोरेक चालवून मोकळे होतात. फोटोरेक चांगलंच आहे, पण ते फाइलींची नावं बघत नाही, नुसत्या आतल्या खुणांवरून फोटो ओळखून काढतं, हातात येतात ती एफ आणि पुढे लांबलचक नंबर अशा नावांची हजारो चित्रं, कुठलं लग्न कुणाचं काही पत्ता नाही, आणि तुकड्यात विखुरलेले व्हिडिओ बहुतेक जातातच. ते सगळ्यात शेवटी.

आणि ताई, हे सरकवणं मुळात लागतच नव्हतं. ई रिकामा होता तर नवीन लग्नं ईमध्ये टाकता आली असती, किंवा एकच ड्राइव्ह दिसायला हवा असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ई हा एफमधल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडता येतो, एक बाइट न हलवता.

प्रश्न: दादा, मी नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपवर उबुंटूचं पार्टिशन लहान करून विंडोजला जागा द्यायची होती. लाइव्ह पेनड्राइव्हवरून रीसाइझटूएफएस ही फाइलसिस्टिम लहान-मोठी करायची कमांड चालवली, चार्जरची पिन सैल होती ते कळलं नाही आणि बॅटरी संपली. आता उबुंटू माउंट होत नाही. स्क्रीनवर "रिलोकेटिंग ब्लॉक्स" असं काहीतरी चालू होतं एवढं आठवतंय. प्रोजेक्ट गेला का?

उत्तर: प्रोजेक्ट गिटवर चढवला नव्हतास हे गृहीत धरतो. तुझं प्रकरण वरच्यापेक्षा वेगळं आहे, तिथे आख्खी फाइलसिस्टिम जशीच्या तशी सरकत होती, इथे ती आतून बदलत होती.

ईएक्सटीफोर, म्हणजे उबुंटूची नेहमीची फाइलसिस्टिम, मोठी करायची असेल तर ते माउंट असताना, चालू सिस्टिमवर होतं, आणि ते काम जर्नलमधून (बदल आधी टिपून ठेवायच्या वहीतून) जात असल्याने मध्ये लाईट गेली तरी सहसा निभावतं. लहान करणं मात्र माउंट काढूनच होतं आणि तिथे जर्नलचं संरक्षण नसतं, म्हणून हे जास्त जोखमीचं. पण तुला जे आठवतंय ते कामाचं आहे. "रिलोकेटिंग ब्लॉक्स" हा दुसरा टप्पा. त्यात शेवटाकडचे ब्लॉक (डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे) पुढच्या रिकाम्या जागी कॉपी होत असतात, आणि फाइलींचे पत्ते तेव्हा अजून जुनेच असतात, ते तिसऱ्या टप्प्यात बदलायला लागतात, त्यानंतर चौथ्या टप्प्यात फोल्डरमधल्या नोंदी. तू दुसऱ्यातच अडकला असशील तर जुने ब्लॉक जुन्या जागी शाबूत असायला हवेत. चौथ्यात अडकला असतास तर बऱ्याच फाइली नाव हरवून लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या नंबरांनी सापडल्या असत्या.

प्रत काढण्याचं वरच्या उत्तरातलं इथेही लागू, ते परत लिहीत नाही. प्रतीवर आधी फाइलसिस्टिम तपासणारं ईटूएफएससीके डॅश एन लावून चालव, म्हणजे ते फक्त बघेल आणि बोलेल, लिहिणार काही नाही. त्याने मुख्य सुपरब्लॉकच (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नाही असं म्हटलं तर बॅकअप सुपरब्लॉक दे, ४ केबीच्या ब्लॉकला पहिला ३२७६८ वर असतो, पुढचा ९८३०४ वर. बॅकअपची जागा शोधायला नेटवर एमकेएफएस (फाइलसिस्टिम तयार करायची कमांड) डॅश एन सुचवतात, ते बरोबर आहे, पण तो एन टाइप करायचा राहिला तर फाइलसिस्टिम नव्याने तयार होते, आणि एसएसडीवर तर ते सगळे ब्लॉक ट्रिम करून (म्हणजे रिकामे ठरवून) टाकतं, मग कुणीच काही करू शकत नाही. असल्या कमांडी मूळ डिस्क जोडलेली असताना टाइपच करू नयेत. डॅश एनचं बोलणं वाचून ठीक वाटलं तर मग प्रतीवर खरी दुरुस्ती चालव, आणि सगळ्यात आधी होम फोल्डर बाहेर काढ.

पुढच्या वेळी रीसाइझटूएफएसला डॅश झेड देऊन दुसऱ्या डिस्कवर अनडू फाइल ठेवता येते, आवृत्ती १.४३ पासून ही सोय आहे. जे ब्लॉक बदलणार त्यांची जुनी प्रत तिथे साठत जाते आणि ईटूअनडूने मागे जाता येतं. फारसं कुणी वापरत नाही, का ते मला कळलेलं नाही.

प्रश्न: नमस्कार, नाशिकला एका कंपनीत सर्व्हर बघतो. एलव्हीएमवर (लिनक्समध्ये डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटायची सोय) २०० जीबीचं व्हॉल्यूम १०० चं करायचं होतं. व्हॉल्यूम लहान करणारं एलव्हीरिड्यूस आधी चालवलं, त्याने वॉर्निंग दिली, मी वाय दाबलं. फाइलसिस्टिम लहान करायची राहून गेली. आता माउंट करताना "बॅड जॉमेट्री, ब्लॉक काउंट ५२४२८८०० डिव्हाइसच्या साइझपेक्षा जास्त" असं येतंय. साहेबांना अजून सांगितलं नाहीये. त्यानंतर कशाला हात लावलेला नाही.

उत्तर: साहेबांना चहा पाजा, सांगायची वेळ कदाचित येणारच नाही. ५२४२८८०० ब्लॉक गुणिले ४ केबी म्हणजे बरोबर २०० जीबी. फाइलसिस्टिम म्हणतेय मी २०० ची आणि व्हॉल्यूम म्हणतोय मी १०० चा, भांडण एवढंच आहे. उरलेल्या १०० जीबीतला डेटा पुसला गेलेला नाही, एलव्हीएमने फक्त "ही जागा आता याची नाही" अशी नोंद केली. कमी केलेल्या जागेला डिस्कार्ड ("ही जागा आता नको" असा डिस्कला निरोप) पाठवण्याची सेटिंग मुळात बंद असते, कुणी मुद्दाम चालू केली नसेल तर एसएसडीवरही माल तसाच आहे.

प्रत्येक बदलाच्या आधी एलव्हीएम जुना नकाशा ईटीसीमधल्या एलव्हीएमच्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवतं. तिथली फाइल उघडा, वरच वर्णनात "एलव्हीरिड्यूस चालवण्याआधी बनवली" अशा अर्थाची इंग्रजी ओळ तुमच्या आख्ख्या कमांडसकट दिसेल. व्हॉल्यूम डीॲक्टिव्हेट करा, व्हीजीसीएफजीरिस्टोअर या नकाशा परत आणणाऱ्या कमांडला तीच फाइल द्या, परत ॲक्टिव्हेट करा आणि मग ईटूएफएससीके डॅश एन. नुसतं एलव्हीएक्स्टेंड करून १०० जीबी परत दिले तरी बऱ्याचदा तीच जागा मिळते, पण "बऱ्याचदा" वर कंपनीचा डेटा लावू नका. एक मात्र बघा, आर्काइव्हमधला नकाशा परत आणला की त्यानंतर त्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये केलेले सगळे बदलही मागे जातात. तुम्ही हात लावला नाही म्हणता, पण तुमच्या जोडीदाराने लावला का ते त्याला विचारून घ्या.

घाईत ईटूएफएससीके डॅश वाय चालवलं असतं तरी गंमत झाली असती. साइझ जुळत नाही दिसल्यावर ते विचारतं की थांबू का, आणि डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो, म्हणून ते स्वतःलाच हो म्हणून थांबतं. थांबू का ला हाताने नाही म्हणून पुढे जाणाऱ्यांची पत्रं वेगळी असतात.

पुढे लहान करताना एलव्हीरिड्यूसलाच रीसाइझ-एफएसचा पर्याय द्या, मग आधी फाइलसिस्टिम आणि नंतर व्हॉल्यूम हा क्रम ते स्वतः पाळतं. आणि तुमची फाइलसिस्टिम एक्सएफएस असती तर लहान करायचा विचारच सोडा, ती मोठी होते, लहान करायची धड सोय नाही. एका डिस्कवरून दुसरीकडे माल हलवायचा असेल तर एलव्हीएमचंच पीव्हीमूव्ह बिनधास्त वापरा, ते कुठवर पोचलं याची नोंद ठेवत जातं, लाईट गेली तर परत आल्यावर नुसतं पीव्हीमूव्ह म्हटलं की तिथून पुढे चालू.

प्रश्न: लातूरहून लिहितोय. आमच्याकडे घरचा इन्व्हर्टर आहे, पंखे-लाईट चालतात. पार्टिशनचं काम करायला वेगळा यूपीएस घ्यायलाच पाहिजे का?

उत्तर: बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, नॉर्मल किंवा इको एका बाजूला आणि यूपीएस दुसऱ्या. नॉर्मलवर असताना लाईट गेली की बदलायला जास्त वेळ लागतो, पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. डेस्कटॉपच्या एसएमपीएसकडून (आतल्या पॉवर सप्लायकडून) साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरायची अपेक्षा असते, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेराच २० मिलिसेकंदांचा, म्हणजे बघा किती कमी. यूपीएसवर ठेवा आणि काम सुरू करण्याआधी, नुसतं गाणं लावून, मेन स्विच पाडून बघा कॉम्प्युटर टिकतो का. टिकला तर वेगळा यूपीएस नको. बॅटरी जुनी असेल तर ती किती तास ओढते तेही बघा, सरकवायचं काम रात्रभराचं असू शकतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि झाकण बंद केल्यावर झोपायची सेटिंग बंद करून. आणि बाहेरची मोठी हार्डडिस्क असेल, जिला स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागतो, तर तो अडॅप्टरही इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहे ना ते बघा.